भागेल का?

माझ्या भाचीच्या मुलाने गेल्या वैशाखात, वर्ध्याचे ऊन ओसरीपर्यंत चढून आलेले असताना, एका स्वस्त डेस्कटॉपचे दरपत्रक माझ्यापुढे ठेविले आणि "आजोबा, एवढ्यावर भागेल का?" असे विचारले. दोन मुंजी, एक लग्न, एक वास्तुशांत आणि कोणीतरी कॅमेरा बंद करावयास विसरल्यामुळे साठलेला पुष्कळसा रिकामा काळ ज्यांत आहे, त्या घरच्या अकरा मिनी-डीव्ही कॅसेटी संगणकात उतरवाव्या, त्यांची काटछाट करावी आणि नातलगांना डीव्हीडी वाटाव्या, असा त्याचा मनसुबा होता.

व्यावहारिक उत्तर अवघड नव्हते. तासाभराची कॅसेट सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापते, तेव्हा अकरांचा भार साधी हार्डडिस्कही पेलते; कॅसेटी उतरवून घेण्यासाठी लागणारे फायरवायरचे कार्ड हल्लीच्या यंत्रांत सहसा नसते, म्हणून ते बसवावयास आत मोकळा स्लॉट आहे की नाही हे आधी पाहावे आणि डीव्हीडी रायटरची तजवीज निराळी करावी. दोन कोअरच्या प्रोसेसरला रूपांतरासाठी रात्रीच्या रात्री लागतील. पण मुंज होऊन पंधरा वर्षे लोटल्यावर एका रात्रीची घाई कोणाला? भागेल, असे मी सांगितले.

मराठीत तहान भागते, गरज भागते, आणि उन्हातून चालत आलेला माणूसही भागतो. तृप्ती आणि थकवा या दोहोंना एकच क्रियापद देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी काही विचार केला असावा, असे मला नेहमी वाटते.

पण कशासाठी भागावे हे आधी ठरावे लागते. खादीचे काम करणाऱ्या चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे इनाम जाहीर केले, तेव्हा शर्ती आधी लिहिल्या: किंमत १५० रुपयांच्या आत, आठ तासांत १६,००० फूट सूत, वीस वर्षांचे आयुष्य, आणि वार्षिक डागडुजी किमतीच्या शेकडा ५ हून अधिक नाही. ते इनाम कोणालाच मिळाले नाही, ही गोष्ट निराळी. परंतु कातणाऱ्या बाईला काय हवे हे ठरल्यावाचून यंत्राची परीक्षा सुरू झाली नाही. आमच्या चिरंजीवांचा क्रम उलटा होता, आणि त्याला अडविले ते संगणकाने नव्हे, डीव्हीडीने. ४.७ गिगाबाइटच्या त्या चकतीवर बऱ्या दर्जाचे चित्रण दोनच तास मावते. अकरांतले दोन कोणते?

येथे मला असंग्रहाचे व्रत आठवले, आणि त्याबरोबर एक विसंगतीही. पदव्यांची प्रमाणपत्रे जाळणाऱ्या, स्वतःच्या कविता अग्नीला आणि काशीत गंगेला अर्पण करणाऱ्या विनोबांनी १९३० साली वर्ध्यात 'गीताई' रचावयास घेतली ती मात्र जाळली नाही. ती छापली गेली, आणि १९८० पासून गोपुरीच्या गीताई मंदिरात तिचे श्लोक शिलांवर कोरलेले उभे आहेत. शिळेहून मोठा संग्रह तो कोणता? असंग्रही पुरुषाला हा दस्तऐवज कसा चालला, या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस अडलो होतो. मला आता असे वाटते, की कविता त्यांच्या स्वतःच्या होत्या. 'गीताई' मराठीत गीता हवी असे म्हणणाऱ्या, आणि ती तयार होण्यापूर्वीच गेलेल्या, आईची होती. व्रताचा अंमल 'माझे' या शब्दावर चालतो, 'ठेवणे' या क्रियेवर नाही. शास्त्री मंडळी हा अर्थ मान्य करतील असे नाही.

चिरंजीवांनी पहिली निवड केली तीत स्वतःची मुंज एक तास दहा मिनिटे होती. बंद करावयाच्या राहिलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली सतरा मिनिटे, ज्यांत त्याची आजी, म्हणजे माझी थोरली बहीण, मागल्या अंगणात सुपात तूर पाखडीत बसली आहे आणि कोणाकडेही पाहत नाही, त्याने निरुपयोगी म्हणून काढून टाकली होती. मी काही बोललो नाही. फक्त तो भाग पुन्हा लावावयास सांगितले. आम्ही दोघांनी तो संपूर्ण पाहिला. मग त्याने आपल्या मुंजीतली वीस मिनिटे छाटली, आजीची सतरा जशीच्या तशी ठेविली, आणि यंत्र कामाला लावून आम्ही निजलो.

पहाटे उठून पाहिले तेव्हा अठ्ठावन्न टक्के झाले होते.