क्षमेचा अधिकार

संत कॅलिक्स्टस सुमारे २१७ साली रोमचे परमगुरू झाले, आणि त्यांच्याविषयी तपशिलाने जे काही आपल्याला ठाऊक आहे ते बहुतेक सगळे त्यांच्या वैऱ्याने लिहून ठेवलेले आहे. रोममधलाच विद्वान धर्मगुरू हिप्पोलिटस त्यांच्याशी फटकून वेगळा झाला आणि पाखंडांच्या खंडनासाठी लिहिलेल्या आपल्या ग्रीक ग्रंथात त्याने कॅलिक्स्टस यांचा सारा पूर्वेतिहास उगाळून काढला. अ‍ॅथोस पर्वतावरच्या मठातून आणलेले त्या ग्रंथाचे हस्तलिखित १८५१ साली छापले गेले, तेव्हा कुठे जगाला हे सारे वाचायला मिळाले. निंदेसाठी लिहिलेली ती पाने पुन्हा पुन्हा वाचताना एकच शब्द त्यांतून वर येताना दिसतो, तो म्हणजे क्षमा. लिहिणाऱ्याने ती गुन्हा म्हणून नोंदवली आहे, एवढेच.

कॅलिक्स्टस मूळचे गुलाम. कार्पोफोरस नावाच्या ख्रिस्ती धन्याने त्यांच्या हाती पैसा देऊन पेढी घालायला लावली, विधवांनी आणि साध्याभोळ्या बांधवांनी धन्याच्या नावावर विश्वासून तिथे ठेवी ठेवल्या, आणि पेढी बुडाली. कॅलिक्स्टस पळाले, बंदरातल्या जहाजावर चढले, आणि धनी मागोमाग आलेला पाहताच त्यांनी समुद्रात उडी टाकली. खलाशांनी बाहेर काढले आणि धन्याने शिक्षा म्हणून जात्याला जुंपले. तिथून सुटल्यावर ज्यूंच्या सभास्थानात झालेल्या गोंधळापायी फटके बसले आणि सार्डिनिया बेटावरच्या खाणींत रवानगी झाली. हिप्पोलिटस हे सांगतो ते माणूस हलका ठरावा म्हणून, आणि तपशील सगळेच खोटे असतील असेही नाही. पण भाविकहो, ज्याला क्षमेविषयी काही कळून घ्यायचे आहे त्याने या बुडालेल्या पेढीपासूनच आरंभ करावा, कारण क्षमेला नेहमी कोणाचे तरी खरोखरीचे नुकसान पोटात घ्यावे लागते. ज्या विधवांचे पैसे गेले त्यांचे पैसे गेलेच होते.

पुढचा प्रसंग मला साऱ्या चरित्रात मोलाचा वाटतो. सम्राट कमोडस याच्या मर्जीतल्या मार्सिया या स्त्रीने सार्डिनियातल्या ख्रिस्ती कैद्यांना सोडवायचे मनावर घेतले आणि परमगुरू व्हिक्टर यांच्याकडे नावांची यादी मागितली. यादी दिली गेली, पण तीत कॅलिक्स्टस यांचे नाव नव्हते, आणि हिप्पोलिटस म्हणतो की ते जाणूनबुजून वगळले होते. सुटकेचे पत्र घेऊन आलेल्या वृद्ध धर्मगुरूच्या पायांशी कॅलिक्स्टस पडले, रडले, आणि विनवण्या करून सुटले. धर्मासाठी यातना भोगलेल्यांत ज्याची गणना झाली नाही, ज्याच्या पदरी दाखवण्याजोगे पुण्य नव्हते, त्याला क्षमा मिळाली ती निव्वळ पदरात पडलेली. पुढे परमगुरू झेफिरिनस यांनी त्यांना आपिया मार्गावरच्या दफनभूमीची व्यवस्था सोपवली, आणि झेफिरिनस यांच्यामागे त्याच आसनावर ते बसले.

आसनावर बसल्यावर त्यांनी जे केले त्याने रोमची ख्रिस्तसभा हादरली. स्नानसंस्कारानंतर व्यभिचारासारखे घोर पाप घडलेल्यांनाही, पश्चात्ताप करून आले तर, पुन्हा पंक्तीत घ्यावे असे त्यांनी ठरवले. त्यांचे आधार हिप्पोलिटसनेच नोंदवले आहेत, आणि ते एकेक नीट पाहण्याजोगे आहेत. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हा संत पौलाचा प्रश्न त्यांतला एक. दास्य भोगलेल्या माणसाने हेच वचन निवडावे, आणि क्षमेचा प्रश्न मुळात धनी कोण या प्रश्नाशी नेऊन भिडवावा, यात मला नवल वाटत नाही. दुसरा आधार गहू आणि निदण यांच्या दाखल्याचा. निदण कोवळेपणी थेट गव्हासारखे दिसते, ओंबी धरेपर्यंत भल्याभल्या शेतकऱ्याला ओळखू येत नाही, आणि तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे प्रभू सांगतात. क्षमेला एवढा काळ लागतो, आणि तो काळ देणे हेच तिचे पहिले काम, असे मला यातून दिसते. तिसरा आधार नोहाच्या तारवाचा, ज्यात शुद्ध पशू होते तसेच अशुद्धही होते, आणि सगळे एकाच छपराखाली तरले.

हिप्पोलिटसचे म्हणणे मात्र झटकून टाकू नये. ज्यांनी छळ सोसला, मोह आवरले, त्यांच्या निष्ठेचे काय, असा प्रश्न त्याच्या आक्षेपामागे दिसतो. क्षमा स्वस्त झाली तर पावित्र्याची किंमत कोण ठेवील, ही त्याची चिंता खोटी नव्हती. पण त्या काळची क्षमा आपल्याला वाटते तशी सुखाची नव्हती. पश्चात्ताप करणारा गोणपाट पांघरून, राखेत बसून, मंडळीपुढे गुडघे टेकून प्रार्थना मागत असे. कॅलिक्स्टस यांच्या विरोधकांना खटकले ते एवढेच की या वाटेच्या शेवटी दार होते.

आणखी एक आरोप असा की कुलीन स्त्रियांनी गुलामांशी किंवा हलक्या स्थितीतल्या पुरुषांशी केलेले संबंध त्यांनी विवाह म्हणून मान्य केले, जे रोमच्या कायद्याला मंजूर नव्हते. क्षमेशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. मला तर वाटते की जन्माने चिकटलेला कमीपणा देवाच्या घरात मोजायचा नाही असे जो ठरवतो, त्यानेच पापाचा डाग कायमचा मोजायचा नाही असेही ठरवावे, हे एकाच मनाचे दोन निर्णय आहेत.

कॅलिक्स्टस २२२ साली गेले. परंपरा त्यांना हुतात्मा मानते. ज्या दफनभूमीला त्यांचे नाव मिळाले तिथे पुढच्या अनेक परमगुरूंना मूठमाती मिळाली, पण ते स्वतः तिथे नाहीत. त्यांना पुरले ते ऑरेलिया मार्गावर. हिप्पोलिटस त्यांच्यानंतरही काही वर्षे वेगळाच राहिला. मग २३५ साली सम्राट मॅक्सिमिनसने परमगुरू पोन्शियन आणि हिप्पोलिटस या दोघांना एकाच वेळी हद्दपार केले, आणि पाठवले ते सार्डिनियालाच, जिथून कॅलिक्स्टस रडून सुटले होते. परंपरा सांगते की तिथे हिप्पोलिटसने फूट मिटवली. दोघांचाही अंत तिथेच झाला. परमगुरू फेबियन यांनी दोघांचे देह रोमला आणवले. पोन्शियन यांना कॅलिक्स्टस यांच्याच दफनभूमीत ठेवले, हिप्पोलिटसला तिबुर्तिना मार्गावर. ख्रिस्तसभेने त्यालाही संत मानले, आणि १३ ऑगस्टला ती दोघांचे स्मरण एकत्र करते.