कर्ता कोण? कोयत्याचा हिशेब आणि फलत्याग

स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत हा केवळ अर्थशास्त्राचा नव्हे, तर कर्माचा कर्ता कोणाला मानावे, हा तत्त्वज्ञानाचाही प्रश्न आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. पुरुष ऊस तोडतो, स्त्री मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, परंतु ‘उचल’, म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, बहुधा पुरुषाच्याच हाती पडते आणि हिशेबात स्त्री स्वतंत्र कर्ती म्हणून उरत नाही. गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आसक्ती न ठेवता कर्तव्य करण्याचा, दाखला देऊन या वंचनेला त्यागाचे रूप देता येत नाही, कारण त्याग स्वेच्छेने करायचा असतो आणि जिच्या श्रमाचे फळ आधीच दुसऱ्याच्या नावे लिहिले गेले, तिच्यापाशी त्यागण्याजोगे काही राहतच नाही. संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व सांगितले आणि १९७६च्या समान वेतन कायद्याने त्याला बळ दिले. तथापि जोवर जोडीच्या हिशेबातून स्त्रीची मजुरी वेगळी मोजून तिच्या हाती दिली जात नाही, तोवर हा न्याय अपुराच राहील.