पायातला माणूस

घर बांधणे हा संसारी माणसाच्या आयुष्यातला मोठा सोहळा. जन्मभराची पुंजी त्यात जाते, डोक्यावर कर्ज येते, म्हणून पहिली कुदळ मारताना मन आपोआप देवाला शरण जाते. भूमिपूजन होते, नारळ फुटतो, मातीवर हळदकुंकू वाहिले जाते. प्रश्न त्यानंतरचा आहे. पूजा झालेल्या त्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी जो माणूस उतरतो, त्याच्याशी आपल्या भक्तीचे काही नाते आहे की नाही?

आमच्या नागपूरकडची काळी माती मोठी लहरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. तिच्यावर वरवर टेकवलेला पाया तिच्याबरोबर हलतो आणि भिंती तडकतात. म्हणून जाणता मिस्त्री ही माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणायला सांगतो.

शहराबाहेरच्या एका ले-आउटमध्ये आम्ही घर बांधायला काढले, तेव्हा सहा फुटांवरही मुरूम लागला नव्हता. ज्येष्ठ सरत आला होता. आषाढीला चातुर्मास बसणार, त्याआधी पाया भरून व्हावा असा घरच्यांचा आग्रह. एका रात्री मृगाचा पाऊस कोसळला. सकाळी मिस्त्री म्हणाले, "भाऊ, काठ ओले आहेत. दोन दिवस ऊन पडू द्या."

मी म्हणालो, "काका, तिथी टळून जाईल."

ते काही बोलले नाहीत. घमेली घेऊन उतरायला निघालेले दोन मजूर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

त्या क्षणी मला चोखोबा आठवले. शके 1260 मध्ये, म्हणजे इसवी सन 1338 साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली कितीतरी मजुरांबरोबर चोखोबाही गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून नामदेवरायांनी ती पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आपण दरवर्षी त्या समाधीपुढे माथा टेकतो. मग दारच्या खड्ड्यात उतरणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने म्हणणार, की तिथी महत्त्वाची, तू उतर?

एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते. छातीपर्यंत माती आली तरी माणसाचा श्वास कोंडतो. त्यावरचे उपाय साधे आहेत. काठाला उतार द्यावा, जागा नसेल तर फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यावा, मातीचा ढीग काठापासून दूर टाकावा, वर यायला शिडी ठेवावी. यांचा खर्च घराच्या दर्शनी सजावटीपुढे थोडाच असतो. पण तो दिसत नाही, म्हणून आपण तो वाचवतो.

कोणी म्हणेल, मुहूर्तही श्रद्धेचाच भाग आहे. आहेच. पण आपला देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे केली आणि देव थांबला. सेवेसाठी ताटकळण्यात ज्या देवाला कमीपणा वाटला नाही, तो एका मजुराच्या जिवासाठी आपली तिथी चुकली म्हणून रागावेल काय?

आम्ही थांबलो. मात्र थांबण्याचाही भार कोणावर पडतो, हे पाहावे लागते. काम बंद म्हणजे मजुराची चूल बंद. त्या दोन दिवसांची मजुरी आम्ही दिली. त्यात औदार्य काही नव्हते. काळजी आमची आणि उपास त्यांचा, असे झाले असते तर ती काळजीच खोटी ठरली असती.

काठ ढासळला नाही. म्हणून थांबणे वाया गेले असे मला वाटत नाही. आठ फुटांवर मुरूम लागला, आणि पाया भरला तो चातुर्मासातच.

आता देवघरात रोज दिवा लागतो. दिव्याला हात जोडताना जमिनीखालचे ते आठ फूट आठवतात. जो माणूस तिथे उतरला आणि सुखरूप वर आला, त्याचे ते वर येणे हीच आमची खरी वास्तुशांत.

रामकृष्ण हरी.