रेस्ट इयर कुणी सांगितलं तुम्हाला?

पेपर मिळाले ना सगळ्यांना? मग कुजबुज बंद. कुणाला किती पडले ते शेजारच्याच्या पेपरात डोकावून मोजू नका, मी गुणांसाठी बोलतच नाहीये.

लिमिटचा प्रश्न काढा. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जातो. एका महाभागानं वरचा एक्स आणि खालचा एक्स खोडून उत्तर लिहिलंय ‘साइन’. नुसतं साइन! कशाचा साइन, बाबा? आत काही न लिहिता नुसतं वर्गमुळाचं चिन्ह काढून उत्तर देतोस का कधी? आणि बाकीच्यांनी हसू नका. हसणाऱ्यांनी उत्तर ‘एक’ लिहिलंय खरं, पण ‘एकच का?’ असं खाली विचारलं होतं, तिथे कोरी जागा. त्यानं निदान स्वतःची चूक तरी केली. तुम्ही दुसऱ्याचं बरोबर उत्तर उतरवलंत.

याचं मूळ पहिल्याच प्रकरणात आहे, कोनमापनाच्या. ‘पाय बाय १८० नं गुणायचं, एवढंच तर आहे सर,’ म्हणून तुम्ही ते उडवून लावलंत. अरे, रेडियन म्हणजे काय? त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो, तो. कोन आता कंसाच्या लांबीनं मोजायला लागलात तुम्ही. एक त्रिज्येचं वर्तुळ काढा. कोन बारीक करत न्या, कंस आणि साइनची उभी रेघ जवळजवळ सारखी व्हायला लागतात, म्हणून भागाकार एकाकडे सरकतो. पटत नसेल तर घरी कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, ०.१ चा साइन काढून ०.१ नं भागा. ०.९९८३ येईल. तोच डिग्रीवर ठेवून करा, ०.०१७४५. हा आकडा कुठून उपटला? पाय भागिले १८०, तुम्ही उडवून लावलेला! साइनचं डेरिव्हेटिव्ह स्वच्छ कॉस येतं ते कोन रेडियनमध्ये असतो म्हणून. डिग्रीत करा, हा ०.०१७४५ दर डेरिव्हेटिव्हला मानगुटीवर बसेल.

दहावीत साइन काटकोन त्रिकोणात गुण्यागोविंदानं राहत होता. समोरची बाजू भागिले कर्ण, संपलं. आता तो वर्तुळावर फिरतो, ऋण होतो, ७५० अंशांचाही असतो. बसवून दाखवा ७५० अंश काटकोन त्रिकोणात! तरी तुमचं आपलं त्रिकोणाला कवटाळणं चालूच. अर्ध्या वर्गानं साइन ए अधिक बी फोडून साइन ए अधिक साइन बी करून टाकलाय. घ्या ए आणि बी दोन्ही ४५ अंश. तुमच्या हिशेबानं साइन ९० येतो १.४१४. साइन एकाच्या वर गेला आणि तुमच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत?

पण तपासून कशाला बघायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर सूत्रांची पीडीएफ आहे ना! ‘अकरावी म्हणजे रेस्ट इयर,’ दादा-ताई सांगतात. ‘सीईटीला अकरावीचं वीसच टक्के येतं,’ क्लासवाले सांगतात, आणि आई-बाबाही मान डोलावतात. वीस टक्क्यांचा आकडा खरा आहे. उरलेले ऐंशी टक्के कशावर उभे आहेत, ते विचारलंत का? इंटिग्रेशनमध्ये पोरं अडतात ती बहुतेकदा इंटिग्रेशनमुळे नाही. साइन स्क्वेअर एक्स दिसला की त्याला कॉस टू एक्समध्ये आणायचं सुचत नाही, म्हणून. ते अकरावीचं. नाहीतर अवयव पडत नाहीत, ते तर आठवीचं. आणि एक्सचा वर्ग बरोबर तीन एक्स दिला की दोन्हीकडे एक्सनं भागून ‘एक्स बरोबर तीन’ लिहून मोकळे! शून्य हे उत्तर कुठे गेलं, याची चौकशी नाही.

फळ्यावर मी चूक केली तर हात वर करा, मला राग येणार नाही. ‘समजलं का?’ विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो, त्याचा येतो.

उद्या येताना साइन, कॉस आणि टॅनचे आलेख, उणे दोन पायपासून दोन पायपर्यंत, आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं. टॅन जिथे तुटतो तिथे तो का तुटतो, ते खाली एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत. ॲपवरून उतरवलेला आलेख मला लगेच कळतो, तो फार सुबक असतो. ज्यानं आणला नाही त्याला वर्गाबाहेर उभं करणार नाही. त्यानं फळ्याजवळ यायचं आणि सगळ्यांसमोर काढायचा.