दोघांच्या भांडणात तिसरा कोण?

जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा हिंगोली जिल्ह्यात पेरण्या उरकून कोळपणी सुरू होती. बातमी फिरत फिरत मोंढ्यात आली ती एक हिशेब सोबत घेऊनच. चीनला सोयाबीन लागतेच, अमेरिकेचे महाग झाले, म्हणजे आता आपले घेणार. त्याच महिन्यात चीनने भारतासह पाच आशियाई देशांच्या सोयाबीनवरचे ३ टक्के शुल्क शून्यावर आणले आणि या हिशेबावर जणू सरकारी शिक्काच बसला. 'शेठ, यंदा चीन घेतोय म्हणं आपलं?' हा प्रश्न त्या हंगामात आडतीच्या ओट्यावर सर्रास ऐकू यायचा. चीनने काही घेतले नाही. २०२५ मध्ये तेच भांडण पुन्हा पेटले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला, आणि उत्तरही तेच.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटत नाही. पण तिचा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्याच शिवारातला आहे.

ती पहिल्यांदा खरी ठरली कापसात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भांडण तिकडचे, पण पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या हाताखाली शेअर बाजाराला वेड लागले. चीनशी व्यापारही मुंबईला नवा नव्हता. सर जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत चीनला जाणाऱ्या अफू आणि कापसावरच उभी राहिली होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. सावकाराचे कर्ज मात्र भावाबरोबर उतरले नाही. पण आठवणीत राहिली ती तेजी. बाजाराची स्मरणशक्ती अशीच असते, मंदी तिला मानवत नाही.

पुढे शंभर वर्षांनी अमेरिका आपल्या दारात आली ती विकत घेणारी म्हणून नव्हे, तर धान्य देणारी म्हणून. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदत कायद्याखालचा गहू, आणि १९६५ नंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो मुद्दाम थोडा थोडा सोडायचा ठेवलेला शिरस्ता, हे दिल्लीच्या जिव्हारी लागले होते. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला जाऊन माओंना भेटले. त्याच वर्षी मराठवाड्यात पाऊस पडला नाही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळत होती आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली, ती माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, आणि तिचे नाव काढले की अजूनही तोंड वाकडे करतात.

सोयाबीनचा प्रवास या सगळ्यापेक्षा मजेशीर आहे. हे पीक मूळचे चीनचे. अठराव्या शतकात ते अमेरिकेत पोचले. १९२९ ते ३१ या काळात डॉर्सेट आणि मोर्स हे दोन अमेरिकी कृषितज्ज्ञ मांचुरिया, कोरिया, जपान पालथे घालून बियाण्यांचे नमुने गोळा करत होते. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने हे पीक जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत आले, आणि जबलपूरचेच जेएस ३३५ हे वाण नव्वदीत मराठवाड्यात असे पसरले की लोक नुसते 'तीनशे पस्तीस' म्हणू लागले. कापसाला बोंडअळी लागली, ज्वारीला भाव राहिला नाही, तीन-साडेतीन महिन्यांत दिवाळीच्या आधी हातात पैसा देणारे दुसरे पीक नव्हते. आज ज्या दोन देशांच्या झगड्याकडे आपण डोळे लावून बसतो, ते दोघेही आपल्या वावरातल्या या दाण्याचे पूर्वज आहेत. दाणा त्यांच्याकडून आला. भाव ठरवण्याची ताकद मात्र दाण्याबरोबर आली नाही.

ती ताकद कशी तयार होते, हे पाहायचे तर १९७३ कडे जावे लागते. पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी आटली होती. पशुखाद्यात त्या मासळीची भुकटी जायची, तिच्या जागी सगळे सोयाबीनच्या पेंडीवर तुटून पडले. अमेरिकेत भाव भडकले. २७ जून १९७३ रोजी निक्सन यांनी सोयाबीनची निर्यातच बंद केली. बंदी थोड्याच दिवसांत सैल झाली आणि काही महिन्यांत उठलीही, पण व्हायचे ते होऊन गेले होते. टोफू आणि मिसो ज्यांच्या रोजच्या ताटात, त्या जपानचे ९० टक्क्यांहून अधिक सोयाबीन अमेरिकेतून येत होते. जपानने धडा घेतला. पंतप्रधान तानाका १९७४ मध्ये ब्राझीलला गेले. पुढे जपानी पैसा, ब्राझीलची एंब्रापा ही नवी कृषी संशोधन संस्था आणि सेरादो नावाचा आम्लधर्मी, कोणी न कसलेला माळ यांची गाठ पडली. जमिनीत चुना घालायचा, उष्ण हवेत येणारे वाण काढायचे, रस्ते करायचे. वीस-तीस वर्षांचे काम.

त्या भांडणातला तिसरा तो. अमेरिका आणि जपान यांच्यात एका उन्हाळ्यात बिनसले आणि लाभ मिळाला ब्राझीलला. पण तो आयता पडला नाही. म्हणीत हा भाग कुठेच नाही.

वॉशिंग्टनमध्ये त्या काळात चीनविषयी वेगळाच विचार रुजत होता. निक्सन-किसिंजर यांना चीन हवा होता तो सोव्हिएत रशियाला शह द्यायला, व्यापार ही नंतरची गोष्ट. डेंग यांनी १९७८ नंतर दारे उघडली तशी कल्पना पालटली : व्यापार करू, त्यांचा मध्यमवर्ग वाढेल, राज्यव्यवस्थाही हळूहळू सैल होईल. १९८९ च्या तिआनमेन चौकातल्या रक्तपाताने ही कल्पना मोडायला हवी होती. मोडली नाही. क्लिंटन निवडून येताना चीनवर कडक बोलत होते, पण १९९४ मध्ये त्यांनीच मानवी हक्क आणि व्यापारी सवलती यांची गाठ सोडली. २००० मध्ये अमेरिकी संसदेने चीनला कायमच्या सामान्य व्यापारसंबंधांचा दर्जा दिला आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत बसला. या निर्णयाच्या बाजूने सोयाबीन उत्पादकांची अमेरिकी संघटना हिरीरीने उभी होती, कारण त्यांना चीनमधली डुकरे दिसत होती. माणसे मांस खाऊ लागली की पेंड लागतेच.

हा विचार साफ खोटा होता असे मला वाटत नाही. करोडो चिनी माणसे गरिबीतून बाहेर आली, हे खरे. पण राज्यव्यवस्था सैल झाली नाही, आणि अमेरिकेतल्या कारखान्यांची गावे ओस पडली. अर्थतज्ज्ञांनी 'चीनचा धक्का' मोजून दाखवला तोवर राग मतपेटीत जाऊन बसला होता. आयोवाचे उदाहरण फार बोलके आहे. शी जिनपिंग १९८५ मध्ये एका जिल्ह्याचे साधे पदाधिकारी म्हणून पशुखाद्य पाहायला या राज्यात आले होते, मस्कॅटिन गावात एका कुटुंबात राहिले होते. २०१२ मध्ये, पुढचे राष्ट्रप्रमुख म्हणून, ते तिथल्या जुन्या ओळखीच्यांना भेटायला परत आले आणि शेतावर जाऊन ट्रॅक्टरवरही बसले. व्यापारातून मैत्री होते, याचा याहून चांगला दाखला मिळायचा नाही. सहा वर्षांनी त्याच आयोवाचे सोयाबीन चीनने नेमके नेम धरून मारले, कारण तिथली मते कोणाची आहेत हे बीजिंगला ठाऊक होते. ओळख होती म्हणूनच नेम बसला.

२०१८ पासून वॉशिंग्टनमध्ये दुसरे टोक आले : व्यापार म्हणजे चाबूक. ट्रम्प यांचे शुल्क बायडन यांनीही मोठ्या प्रमाणात कायम ठेवले, वर २०२२ मध्ये चिपांवर निर्बंध घातले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेचे शुल्क १४५ टक्क्यांवर आणि चीनचे १२५ टक्क्यांवर गेले. चीनने त्या हंगामात महिनोन्महिने अमेरिकेकडून नवे सोयाबीन घेतलेच नाही. तेवढे सोयाबीन त्याला ब्राझीलकडून मिळत होते. १९७३ मध्ये निक्सन यांनी जो माळ अजाणता लागवडीखाली आणला, त्याच माळाच्या जोरावर चीनने ट्रम्प यांना थांबवून धरले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी बुसानमध्ये ट्रम्प-शी भेटले आणि चीनने पुढची तीन वर्षे दरसाल अडीच कोटी टन घेण्याचे कबूल केले, असे अमेरिकेने जाहीर केले.

आणि आपण? मोंढ्यात उभे राहून पाहू. आडत्याचा माणूस ढिगात हात खुपसून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, डागी किती, माती किती ते बघतो, एखादा दाताखाली फोडतो. मग ओलाव्याचे मशीन. सरकारी खरेदीची अट १२ टक्क्यांची. २०२४ च्या नोव्हेंबरात ऐन विधानसभेच्या धामधुमीत ती १५ पर्यंत सैल झाली. व्यापाऱ्याकडे अट नसते, कपात असते. बोली चालते तेल काढणाऱ्या प्लांटच्या भावावर, आणि प्लांटचा भाव तेल अन् डीओसीवर, म्हणजे पेंडीवर. क्विंटलमागे तेल १८ किलोच्या आसपास, पेंड ऐंशीच्या घरात. नावाला तेलबी, पण वजनाने कोंबड्यांचे खाद्य.

आता शिकागोच्या वायदेबाजारातला भाव. तिथला बुशेल म्हणजे २७.२ किलो, क्विंटलला पावणेचार बुशेलांहून जरा कमी. बुशेलला साडेदहा डॉलर आणि डॉलरला ८८ रुपये धरले तर क्विंटल पडते ३,४०० रुपयांना. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. मोंढ्यात हमीभावाच्या बरेच खाली, चार हजारांच्या आसपास विकले तरी आपले सोयाबीन शिकागोपेक्षा महाग. हेक्टरी दहा-बारा क्विंटल काढणारा शेतकरी तेहतीस-चौतीस क्विंटल काढणाऱ्या अमेरिकी शेतकऱ्याशी भावात कसा उतरणार? शिवाय चीनची वर्षाची आयात १० कोटी टनांच्या वर, आणि भारताचे सगळे पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास. ते सगळे बोटीत भरले तरी चीनचा दीड महिना निघेल. म्हणजे २०१८ मध्ये आडतीच्या ओट्यावर जो हिशेब मांडला गेला, त्यात हे दोनच आकडे घातले असते तर तो तिथेच मिटला असता.

मग शेतकऱ्याला भाव कोण देतो, कोण मारतो? २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेले होते. कोंबडीवाल्यांनी ओरड केली, केंद्राने १२ लाख टन जीएम पेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईतो भाव जवळपास निम्म्यावर आला. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद केले, ते वर्षामागून वर्ष बंदच राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचे आयातशुल्क वाढवले, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे पुन्हा उतरवले. यात ना ट्रम्प आहेत ना शी. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच सांगत होते. १९८४ च्या परभणी अधिवेशनाला या भागातले शेतकरी लोटले होते, आणि पुढे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावावरून सगळे त्यांच्यावर तुटून पडले तेव्हाही त्यांचे म्हणणे बदलले नाही : शेतकऱ्याला परदेशी स्पर्धेने नाही, दिल्लीच्या उण्या सबसिडीने, म्हणजे भाव पाडणाऱ्या धोरणाने मारले. खुल्या बाजाराविषयी ते फारच आशावादी होते, असे मला वाटते. ज्या अमेरिकेने २०१८ आणि २०१९ च्या नुकसानीपोटी आपल्या शेतकऱ्यांना वीस अब्ज डॉलरांहून अधिक रोख वाटले, तिच्याशी खुली स्पर्धा कसली? पण बोट कुठे दाखवायचे हे त्यांनी बरोबर सांगितले होते.

चाबूक आपल्यावरही उगारला गेलाच. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागले. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिका यांचे संयुक्त निवेदन आले, त्यात भारत ज्यावरचे शुल्क काढेल किंवा कमी करेल अशा शेतमालांत ही नावेही आहेत : सोयाबीन तेल, इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा म्हणजे डीडीजीएस, आणि जनावरांसाठी लाल ज्वारी. तेल आणि पेंड या ज्या दोन पायांवर प्लांटचा भाव उभा असतो, त्यांतला एक तेलाने हलतो आणि दुसरा डीडीजीएसने. देशी इथेनॉल कारखान्यांच्या स्वस्त डीडीजीएसने पेंडीची मागणी आधीच खाल्ली आहे. बायोटेक सोयाबीनचा दाणा दारातून आत येणार नाही, यावर आपले वाटाघाटी करणारे खूश आहेत. दाण्याचे तेल मात्र एका खिडकीतून आणि पेंडीची जागा घेणारा चोथा दुसऱ्या खिडकीतून येऊ शकतो.

विक्रेत्याची खरी बाजू हिंगोलीला एकाच पिकात मिळाली आहे, हळदीत. जगातली सत्तर टक्क्यांच्या वर हळद भारतात पिकते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळद संशोधन केंद्रही वसमतलाच उभे राहिले. इथे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला फारशी जागा नाही. ब्राझीलने काही दशकांत जे मिळवले, ते या पिकात आपल्याकडे आधीपासून आहे. पण हळद आठ-नऊ महिने रानात राहते. तिला पाणी लागते, बेण्याला रोख लागते, काढल्यावर शिजवायला कुकर आणि वाळवायला जागा लागते. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखालचा वसमतचा शेतकरी ते करू शकतो. कोरडवाहू माळावरचा शेतकरी जूनमध्ये पुन्हा सोयाबीनचीच पिशवी उचलतो.