थर दिसले, दिशा दिसली का?

मेंदूच्या बाह्यकाची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, आणि तेवढ्यात सहा थर. दृष्टीच्या प्राथमिक क्षेत्रात डोळ्यांकडचा संदेश थॅलॅमसमार्गे मुख्यतः चौथ्या थरात उतरतो. वरिष्ठ क्षेत्रांकडून परतणारे संदेश तो थर बहुधा टाळून त्याच्या वर-खाली पोहोचतात. म्हणून कोणता थर सक्रिय झाला हे कळलं, की माहिती कुठून कुठे गेली तेही कळेल, अशी आशा ७ टेस्लाच्या एमआरआय यंत्रांनी जागवली. मिलिमीटरहून लहान ठोकळ्यांत मोजमाप आता होतं. आशा रास्त आहे, पण नुसत्या बारीक ठोकळ्यांच्या बळावर ती पुरी होणार नाही.

कारण हे यंत्र चेतापेशींचं काम थेट मोजत नाही, रक्तातले बदल मोजतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेला बोल्ड संकेत रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असतो, आणि ते रक्त खोल थरांतून वर चढत पृष्ठभागावरच्या शिरांना मिळतं. खालच्या थराचं काम असं वरच्याच्या खात्यावर जमा होतं. मुखाशी गढूळ पाणी दिसलं म्हणून पाऊस तिथेच पडला असं कोणी म्हणत नाही. इथे मात्र तो मोह होतो. २०१५ मध्ये मुक्ली आणि सहकाऱ्यांनी दृश्याचा एक भाग झाकला, तेव्हा भोवतालच्या दृश्याची खूण प्राथमिक दृष्टिक्षेत्राच्या वरच्या थरांत मिळाली. पुढच्याच वर्षी कोक आणि सहकाऱ्यांना आभासी त्रिकोणाचा प्रतिसाद त्याच क्षेत्राच्या खोल थरांत दिसला. परतीचे संदेश एकाच जातीचे नसतील, तर दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. तरी मला दुसरा अधिक वजनदार वाटतो, कारण तो शिरांच्या प्रवाहाविरुद्ध गेला आहे.

दोन स्थितींची वजाबाकी केली की शिरांचा परिणाम निघून जातो, असं कोणी म्हणेल. पण ज्या स्थितीत काम जास्त, तिथलं वाढीव रक्तही वरच वाहतं. लॉरेन्शियस ह्युबर यांच्या गटाने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली: ऑक्सिजनसोबत रक्ताचं आकारमानही मोजायचं. हा संकेत दुबळा, पण मोठ्या शिरांच्या प्रभावापासून बराच मुक्त. त्यांनी चार वेगवेगळ्या कृतींची तुलना केली, तेव्हा हालचालीच्या क्षेत्रात येणाऱ्या संदेशांच्या खुणा वरच्या थरांत आणि मज्जारज्जूकडे जाणाऱ्या आज्ञेच्या खोल थरांत आढळल्या. प्राण्यांच्या शरीररचनेवरून नेमकं हेच अपेक्षित होतं, म्हणून तो प्रयोग पटतो.

मग प्राण्यांत सरळ इलेक्ट्रोडच का घालू नयेत? घालावेतच, दृष्टीबाबत ते अधिक नेमके आहेत. पण वाचन किंवा बोलणं माकडात तपासता येत नाही, आणि माणसाच्या मेंदूत इलेक्ट्रोड जातात ते उपचाराच्या निमित्तानेच. अडचण अशी, की ह्युबर यांच्या पाठीशी असलेला प्राण्यांचा आराखडा भाषेच्या क्षेत्रांसाठी अपुरा आहे. तिथे थर स्वच्छ मोजले, तरी कोणत्या थराचा अर्थ ‘आलं’ आणि कोणत्याचा ‘गेलं’, हे अजून ठरायचं आहे.