पडलेल्या झाडावर हक्क कोणाचा?

सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त वराहमिहिराने पलंग आणि आसनांसाठी एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. साग, चंदन, शिवण ही लाकडं त्याला चालतात. विजेने, पाण्याने, वाऱ्याने किंवा हत्तीने पाडलेलं झाड मात्र वर्ज्य. मूर्तीसाठी लाकूड हवं असेल, तर आधी उभ्या झाडाची पूजा करायची आणि त्यावर वस्ती करणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे जाण्याची विनंती करायची.

आज हे उफराटं वाटतं. जिवंत झाडावर कुऱ्हाड चालवायची आणि आपसूक पडलेलं टाकून द्यायचं?

जैनांच्या लेश्यांच्या, म्हणजे मनोवृत्तीच्या रंगछटांच्या, दृष्टांताचा कौल नेमका उलट आहे. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले जण येतात. एकाला झाड मुळासकट तोडायचं असतं, दुसऱ्याला फांद्या. शेवटचा खाली पडलेली फळं वेचतो आणि शुक्ल लेश्येचा ठरतो. म्हणजे पडलेलं घेणं सर्वांत निर्मळ. तरीही वराहमिहिराची अट निव्वळ अंधश्रद्धा म्हणून झटकू नये. उभ्या झाडाची परवानगी मागता येते, कोसळलेल्याची मागायची राहून गेलेली असते.

ही राहून गेलेली परवानगी नंतर, कामातून मागता येते का? जॉर्ज नाकाशिमा यांचं आयुष्य त्याचं उत्तर वाटतं. 1905मध्ये अमेरिकेत जन्मलेले हे जपानी वंशाचे वास्तुरचनाकार पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ इमारतीच्या कामावर आले, तिथेच शिष्य झाले आणि ‘सुंदरानंद’ हे नाव त्यांना मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने त्यांना कुटुंबासह आयडाहोतल्या छावणीत डांबलं. तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली त्यांनी हत्यारं नीट धरायला शिकून घेतलं. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या कारखान्यात अनेक मेजांची कड सरळ कापली जात नसे. खोडाची नैसर्गिक वळणं तशीच राहत. तडा गेला तर तो लपवायचा नाही, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवून तिथेच थोपवायचा. झाडाला आत्मा असतो आणि सुतार त्याला दुसरा जन्म देतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

श्रद्धा सुंदर आहे, पण रानात ती अपुरी पडते. तिथे पडलेल्या खोडाचा दुसरा जन्म सुताराविनाच सुरू झालेला असतो: बुरशी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, त्या टिपणारे सुतारपक्षी, कुजक्या लाकडावर रुजणारी रोपं. तो ओंडका उचलून आणणं म्हणजे भरल्या घरातून माणसं बाहेर काढणं. रानातलं खोड रानातच राहू द्यावं.

परसातल्या झाडाची गोष्ट वेगळी. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या. अशा वेळी वाट मोकळी करायची घाई असते आणि आंब्या-फणसाची खोडं सहज सरपणात जातात. ती वाचवायची तर पडल्या पडल्या टोकांना मेण लावावं लागतं, नाहीतर तडे जातात. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचाव्या लागतात. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. दोन इंची फळीचं बाकडं हवं असेल, तर दोन पावसाळे थांबायची तयारी हवी.